फेट्यावाचून अडलेली तार

आमच्या गावाला परदेशातून पैसा येणार ही बातमी मला, म्हणजे गावच्या सरपंचाला, पिठाच्या गिरणीत कळली. मी दळणाचा डबा घेऊन रांगेत उभी होते आणि पुढची बाई मागचीला सांगत होती, की नदीपलीकडच्या गायरानावर उन्हापासून वीज होणार, ती तारेनं आपल्याकडे येणार आणि त्याला पैसा आपलं सरकार आणि साता समुद्रापलीकडची कुठलीशी सरकारं मिळून देणार. मी मान डोलावली. सरपंचाला सगळं आधीच माहीत असतं असा लोकांचा समज असतो, तो मोडायचं मला काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचं कपाट उघडलं, तर त्याच विषयाचं पत्र तिथं पडून पडून पिवळं व्हायला लागलं होतं.

मी सरपंच झाले ती आरक्षणाच्या चिठ्ठीमुळे. सगळे धरून चालले होते की नाव माझं आणि कारभार आमच्या ह्यांचा. पण आमच्या ह्यांना सभेत बसलं की दहाव्या मिनिटाला डुलकी लागायची, कारण रात्री ते रानात असायचे. त्यामुळे माझा कारभार खरोखरच माझ्याकडे राहिला. बाईच्या हाती सत्ता कशी येते, यावर भाषणं पुष्कळ ऐकली, पण रात्रीच्या लाईटमुळे येते असं कुणी सांगितलं नाही.

आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणसानं रानात जायचं, मोटर चालू करायची आणि दारं धरायची, म्हणजे एक सरी भरली की खोऱ्यानं पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं. उसात बिबट्या असतो, ही आता आमच्याकडे बातमीसुद्धा राहिलेली नाही. आमचा मुलगा कारेगावात खोली घेऊन राहतो आणि तिथल्याच एका कंपनीत कामाला आहे. त्याला नाईट शिफ्टचा भत्ता मिळतो, चहा मिळतो आणि सकाळी कंपनीची बस दारात आणून सोडते. त्याच्या बापाच्या नाईट शिफ्टला बिबट्या मिळतो.

त्यात ह्यांना रात्रीचं नीट दिसेनासं झालं होतं. म्हणून बॅटरी घेऊन मी पुढे आणि खोरं घेऊन ते माझ्या मागे, अशी आमची वरात निघायची. चालताना ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं, नामस्मरण चाललंय. बिबट्याच्या भीतीनं का होईना, माणूस देवाला लागला म्हणून मला बरंच वाटायचं. "डोळे दाखवून घेऊ," असं मी अधूनमधून म्हणायचे. त्यावर ते म्हणायचे, "रातीचं कुणाला दिसतंय?" आणि मला ते पटायचं. मलाही बॅटरीच्या उजेडाबाहेरचं काय दिसत होतं?

तर सगळ्या जगाची ऊर्जा स्वच्छ व्हावी वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. मला त्या योजनेतून एकच गोष्ट हवी होती. रात्री हा माणूस घरात झोपलेला हवा होता.

शिरूरला आम्हा सरपंचांची बैठक झाली. साहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले. एका देशातलं ऊन दुसऱ्या देशातले दिवे कसे लावतं, समुद्राच्या तळातून तारा कशा जातात, आणि कुठल्याच कंपनीला एकटीला ते परवडत नाही म्हणून सरकारांनी मिळून पैसा कसा घालायचा, हे सगळं त्यांनी छान समजावून सांगितलं. याला 'सीमापार' म्हणायचं. मग शेवटच्या चित्रात आमची भीमा आली. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड तालुका. उन्हाची वीज करणाऱ्या काचा बसणार पलीकडच्या गायरानावर, आणि जवळचं सबस्टेशन अलीकडे आमच्या शिवारात. दोन्ही गावांच्या मोटरींना दिवसा लाईट मिळणार. काचांचा पैसा मंजूर होता, सबस्टेशनचा मंजूर होता, नदीच्या दोन काठांवर दोन उंच मनोरे उभारून मधे तार ओढायची, तोही मंजूर होता. फक्त मनोऱ्यांच्या जागेसाठी दोन्ही गावांनी एकाच कागदावर सह्या-शिक्के करून संयुक्त ठराव द्यायचा होता.

"एवढंच राहिलंय मॅडम," साहेब म्हणाले. "एक कागद."

मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मलाही वाटलं खरंच एवढंच राहिलंय. शिवाय पलीकडच्या गावचा सरपंच म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. माझं माहेर नदीपलीकडचं. आमच्या अंगणातून माहेरच्या देवळाचा कळस दिसतो, आणि बंधाऱ्यावरून मोटरसायकलनं गेलं तर चहा गाळून ठेवायला सांगावं इतकं ते जवळ आहे. बैठकीतले बाकीचे सरपंच म्हणाले, तुमचं काय बाई, घरातल्या घरात काम. ज्यांना हे घरातल्या घरातलं काम सोपं वाटतं, त्यांना बहिणी नसाव्यात.

त्या कागदावर वरच दोन रकाने होते. प्रथम पक्ष आणि द्वितीय पक्ष.

आमच्या गावात तो कागद वाचला गेला तेव्हा पहिले बोलले ते आमचे आबा. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. पंचायतीचे जुने सदस्य, आणि मानपानाच्या बाबतीत गावचा शेवटचा शब्द त्यांचा. "पयलं नाव आपलं," ते म्हणाले. "वीज कुठं येतीया? आपल्यात. म्हंजी आपण मुलाकडचे. मुलाकडच्यांचं नाव खाली गेल्यालं कवा बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलेलं नव्हतं. सभा एका सुरात हो म्हणाली.

पलीकडे दादानं काय सांगितलं ते मला संध्याकाळच्या दुधाच्या गाडीबरोबर कळलं. "वीज आमच्या गायरानावर व्हतीया. लेक आमची हाय. घर बघायला पयलं कुणी येतं? मुलाकडचे. तवा त्यांनी यावं, विचारावं, मग आम्ही बोलू. आन् नाव आमचं वर."

अशा रीतीनं जागतिक हवामानासाठी निघालेल्या विजेचं आमच्याकडे लग्न ठरलं, आणि ठरताक्षणी ते मोडायच्या बेतात आलं. तारेला विरोध कुणाचाच नव्हता. मनोऱ्याला जागा द्यायला दोन्ही गावं एका पायावर तयार होती. अडलं होतं ते एवढंच, की आधी कोण कुणाच्या ओट्यावर चढणार.

याच्या मुळाशी एक खरं लग्न होतं, आणि ते माझं होतं. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी वऱ्हाडातल्या मानकऱ्यांसाठी फेटे आणले होते, ते एकानं कमी पडले. ज्यांच्या डोक्यावर फेटा आला नाही ते आबा. ते रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले, माझे वडील हातापाया पडले, दुसऱ्या दिवशी फेटा घेऊन माणूस धाडला तर आबांनी तो परत पाठवला, की लग्न झाल्यावर फेटा बांधायला मी काय पाटावर बसणार आहे का. माझा मुलगा कमवता झाला, माझे वडील गेले, पण तो फेटा अजून येणं बाकी होता. आबा नदीपलीकडे मयतीलासुद्धा डोक्यावर टॉवेल टाकून जायचे, म्हणजे बघणाऱ्याला आठवण राहावी.

दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी मार्ग काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकानं सुचवलं, ना तुमच्याकडे ना आमच्याकडे, बंधाऱ्याच्या मध्यावर बसू. ते सगळ्यांना पसंत पडलं. मग बंधाऱ्यावर आधी पाऊल कुणी ठेवायचं, यावर पुढचा महिना गेला.

मी मधे पडायला हवं होतं. एक फोन, किंवा बंधाऱ्यावरून एक फेरी. पण माहेरी हात पसरायचा नाही, हे आईनं मला साडीच्या निऱ्यांबरोबर शिकवलेलं, आणि मी ते ढालीसारखं पुढे केलं. खरं सांगायचं तर ती ढालच होती. मलाही पहिलं नाव आमचंच हवं होतं. माहेरच्या घरात माझं नाव कायम दादाच्या नंतर आलं. शाळेची पिशवी आधी त्याला, सायकल फक्त त्याला, आणि पत्रिकेवर माझ्याच लग्नात माझ्यापेक्षा ठळक अक्षरात तो. आता त्याच्या बरोबरीची खुर्ची मिळाली होती, आणि एका सरकारी कागदावर का होईना, मला त्याच्या वर बसायचं होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आबांच्या आड लपायची उत्तम सोय होती.

असं वर्ष गेलं. सरकारी पैशाला मानपान कळत नसल्यामुळे पलीकडे काचा वेळेवर बसल्या. अलीकडे सबस्टेशनला नवी कुंपणं लागली, रंग लागला. मधे नदी तेवढी मोकळी. दुपारी आमच्या ओट्यावरून गायरान नुसतं लखलखायचं. आमचे हे पलंगावर पडल्या पडल्या विचारायचे, "चमकत्यात का गं?"

"तुम्हाला काय, मला जळवायला बरं," मी म्हणायचे. मला वाटायचं, टोमणा मारतायत.

आणि रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन मी पुढे, खोरं घेऊन ते मागे. एकदा ते पाटात पाय घसरून पडले. गुडघा सोलवटला. मी त्यांच्या अंगावरच ओरडले, की बॅटरी दाखवतेय तरी पाय कुठं टाकता? मग घरी येऊन मी हळद लावली आणि म्हटलं, "थोडे दिवस काढा. दिवसाची लाईट आली की सगळं नीट होईल." ते हो म्हणाले. मी सांगितलेलं ते नेहमीच मान्य करतात, म्हणून तर माझा संसार झाला.

दिवाळीच्या आधी पैसा देणाऱ्यांची माणसं पाहणीला आली. त्यांत एक उंच गोऱ्या बाई होत्या, उन्हानं लाल झालेल्या, आणि त्यांचं बोलणं सांगायला पुण्याहून आलेली एक चुणचुणीत मुलगी. बाईंनी पलीकडच्या काचा पाहिल्या, अलीकडचं सबस्टेशन पाहिलं, आणि मग काठावर उभ्या राहून मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. अडचण काय आहे, त्यांनी विचारलं. पैसा कमी पडला का? यंत्रं मिळत नाहीत का?

साहेब घाम पुसत माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मानपान."

दुभाषी मुलगी अडखळली. तिनं बरंच काही सांगितलं. मधे तिनं हातानं डोक्याला फेटा बांधल्याची खूण केली तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे आम्हाला चांगलं माहीत आहे. आमच्याकडे दोन देशांत अशीच तार टाकायची होती, तेव्हा सही कुणाच्या राजधानीत करायची यावर आमच्या साहेबांनी बराच काळ काढला, आणि तोवर लोक थंडीत बसले.

ते ऐकून साहेबांना फार बरं वाटलं. आपण जागतिक दर्जाचे आहोत असं ते नंतर दोनदा म्हणाले. मला मात्र बरं वाटलं नाही. तिकडे थंडीत बसलेले लोक कोण ते मला ठाऊक नव्हतं, पण इकडे कोण बसलंय ते माहीत होतं. गुडघ्याची खपली अजून पडलेली नव्हती.

त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. "भाऊबीजेला येतोस ना?"

"येतो की. काय आणू?"

माहेरी मागायचं नाही हे खरं, पण ओवाळणी हा बहिणीचा हक्क. तिथं हात पसरला जात नाही, तबक पुढे केलं जातं. मी म्हटलं, "एक फेटा आण. आणि तो सहीशिक्क्याचा कागद."

मग तो म्हणाला, "आन् पयलं नाव?"

"कोरं सोड. मी भरते."

भाऊबीजेला दादा बंधाऱ्यावरून आला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं खिशातून कागद काढून तबकात ठेवला. निरांजनाची ज्योत लागेल म्हणून मी तो पटकन उचलला, एवढ्या घाईनं मी कधी पैठणीसुद्धा उचलली नसती. मग तो पिशवी घेऊन स्वतः आबांच्या ओट्यावर गेला, आणि सगळ्या गल्लीसमोर त्यानं त्यांच्या डोक्याला फेटा बांधला.

"आबा, वडलांचं राह्यलं व्हतं," तो म्हणाला.

आबांनी आरसा मागवला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "रंग जरा फिका हाय," ते म्हणाले. आणि फेट्याचं टोक डोळ्यांना लावून बसून राहिले. मला हसायला येत होतं. किती साधं होतं हे, आणि आम्ही काय करून ठेवलं होतं.

कागदावर पहिल्या रकान्यात मी माझ्या हातानं माझ्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं. आबांनी फेटा बांधलेला असल्यामुळे ते काही बोलले नाहीत.

मी कागद घेऊन ऑफिसात गेले तेव्हा साहेबांनी तो वाचलासुद्धा नाही. सही बघितली, शिक्के बघितले आणि शेजारच्या ऑपरेटरकडे सरकवला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "पहिलं नाव बघितलंत का?"

"त्याचं काय मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये तालुके वर्णानुक्रमानं येतात," ते म्हणाले. "दौंड आधी, शिरूर नंतर. तुम्ही कसंही लिहा."

"मग फॉर्मवर हे प्रथम आणि द्वितीय?"

"तो फॉर्म जुना आहे हो."

पुढचं काम झपाट्यानं झालं. मनोरे उभे राहिले, होडीतून दोर नेऊन तार ओढली. उद्‌घाटनाला दोन नारळ दोन्ही सरपंचांनी एकाच क्षणी फोडायचे असं ठरलं, आणि आबांनी फेटा बांधून एक-दोन-तीन म्हटलं. दादाचा नारळ पहिल्या फटक्यात फुटला, माझा दुसऱ्यात. त्याचं मला काहीच वाटलं नाही, यावरून मी किती सुधारले ते ओळखावं.

नव्या वेळेप्रमाणे लाईट सकाळी येणार होती. पहिल्या दिवशी नऊच्या सुमाराला ह्यांनी खोरं उचललं. मी म्हटलं, आज मीही येते, बॅटरीशिवाय. स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या मागून चालत होते. ते पुटपुटत होते. आता कसली भीती, आता तर देवाला सुट्टी द्या, असं चिडवावं म्हणून मी जवळ गेले, तर कानावर आलं, "एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस."

देवाचं नाव नव्हतंच ते. ते पावलं मोजत होते.

तार ओढणाऱ्या माणसांनी उरलेल्या वायरचं भेंडोळं आमच्या बांधावर ठेवलं होतं. काळंभोर, गाडीच्या चाकाएवढं. हे भर उन्हात सरळ त्याच्यावर जाऊन आदळले. हात टेकत उठले आणि म्हणाले, "हितं काय हाय?"

मी तिथंच खाली बसले. "अहो, कधीपासून?"

"तू सरपंच झालीस तवा जरा कमी व्हतं. ह्या वर्षात वाढलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हनायचीस ना, दिवसाची लाईट आली का समदं नीट व्हईल," ते म्हणाले. "म्हटलं, येऊ दे."

पुढे चाचपडत गेले, बरोबर पेटीपाशी थांबले आणि बटण दाबलं. मोटर चालू झाली. पाणी पाटात आलं. पलीकडे गायरानावर काचा चमकत होत्या, डोक्यावर तार होती, आणि तिच्यासाठी साता समुद्रापलीकडून पैसा आला होता. मी त्यांच्या हातातून खोरं घेतलं आणि सरी भरेपर्यंत रडत दारं धरली.

दादानं गाडी काढली. दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ तपासलं. काचबिंदू आहे, म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकवता येईल. मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वर्षभर आधी आणलं असतंत तर बरीच वाचली असती. वर्षभर काय करत होतात?"

दादानं मान खाली घातली. मी डॉक्टरांना सांगितलं, कामात होतो.